दर दोन तासांनी कूस

१९१७ सालची गोष्ट. जर्मनीच्या पूर्वेकडे अप्पर सायलेशिया नावाचा कोळशाच्या खाणींचा पट्टा होता. आज तो पोलंडमध्ये मोडतो. तिथल्या क्योनिग्सह्युट्टे या गावी खाणकामगारांसाठी अपघातांचे एक इस्पितळ होते. महायुद्ध चालू होते, धडधाकट पुरुषमाणसे आघाडीवर गेली होती, म्हणून शाळेतून नुकताच बाहेर पडत असलेला एक अठरा वर्षांचा ज्यू मुलगा तिथे वॉर्डात पडेल ते काम करी. एके दिवशी पाठीचा कणा मोडलेला एक खाणकामगार आला. तरुण, उंचापुरा, पिळदार अंगाचा. कमरेखाली ना हालचाल, ना स्पर्शाची जाण. डॉक्टरांनी कणा ताणून बसवला, त्याला प्लॅस्टरमध्ये घातले आणि त्याच्या खाटेभोवती पडदे लावून टाकले. मुलगा रिवाजाप्रमाणे प्रकृतीच्या नोंदी लिहायला गेला, तेव्हा त्याला सांगण्यात आले की त्याची तसदी घेऊ नकोस, हा काही सहा आठवड्यांच्या वर जगायचा नाही. पाच आठवड्यांतच तो गेला. मणका मोडल्याने तो गेला नव्हता. पाठीला पडलेल्या जखमा आणि लघवीत झालेला पू यांनी तो गेला.

त्या मुलाचे नाव लुडविग गुटमान. पुढे तो डॉक्टर झाला, परागंदा झाला, इंग्लंडात सर झाला आणि आज आपण ज्याला पॅरालिंपिक म्हणतो त्या खेळांचा जनक म्हणून जगाला ठाऊक झाला. आपल्याकडे मात्र हे नाव खेळाच्या पानावर चार वर्षांतून एकदा, तेही एका ओळीत येते. मला त्यांच्याविषयी लिहावेसे वाटते ते खेळांसाठी नाही. दर चार-सहा महिन्यांनी आपल्या वर्तमानपत्रांत एक बातमी येते: स्टेम सेलच्या इंजेक्शनने लुळा रोगी उभा राहिला. ती बातमी वाचून किती घरांत जमिनीचे सातबारे बाहेर निघतात हे मी जवळून पाहिले आहे. अशा घरांत गुटमानांची गोष्ट कुणी सांगितलेली नसते. ती सांगायला हवी.

गुटमानांचा जन्म ३ जुलै १८९९ चा, टोस्ट या लहानशा गावातला. आजचे त्याचे पोलिश नाव तोशेक. कुटुंब सनातनी वळणाचे ज्यू. लुडविग थोरला. १९१८ साली त्यांनी ब्रेस्लाऊ विद्यापीठात वैद्यकीला नाव घातले, पुढे फ्रायबुर्गला गेले, आणि १९२४ साली पदवी घेऊन पुन्हा ब्रेस्लाऊला आले. तिथे त्यांना ओट्फ्रिड फोर्स्टर हा गुरू भेटला. मेंदू आणि मज्जासंस्थेच्या शस्त्रक्रियेत फोर्स्टरचे नाव तेव्हा युरोपात अग्रभागी होते. लेनिनच्या अखेरच्या आजारात मॉस्कोला ज्या परदेशी डॉक्टरांना बोलावले त्यांत ते होते. या माणसाकडे गुटमान घासून पुसून तयार झाले. मधली एखाद वर्षाची हँबुर्गमधली नोकरी सोडली तर १९३३ पर्यंत ते फोर्स्टरचेच मदतनीस, आणि पुढे पहिल्या क्रमांकाचे मदतनीस.

इथे थोडे शास्त्र सांगितले पाहिजे, कारण त्यावाचून पुढचे सगळे अधांतरी राहील. मज्जारज्जू म्हणजे मेंदूपासून निघून कण्याच्या पोकळीतून खाली उतरणारा, करंगळीच्या जाडीचा आणि सुमारे ४५ सेंटिमीटर लांबीचा दोर. त्यातून मज्जातंतूंच्या ३१ जोड्या बाहेर पडतात. हाताला किंवा पायाला जाणारी एखादी नस तुटली तर ती हळूहळू पुन्हा वाढू शकते. मज्जारज्जू तुटला तर तो सांधत नाही. स्पेनचे सांतियागो रामोन इ काहाल यांनी सूक्ष्मदर्शकाखाली हे वर्षानुवर्षे तपासले. १९०६ सालचे नोबेल मिळवलेल्या या शास्त्रज्ञाने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास प्रसिद्ध केलेल्या आपल्या मोठ्या ग्रंथात असा निर्वाळा दिला की प्रौढ माणसाच्या मेंदूत आणि मज्जारज्जूत वाटा ठरून गेलेल्या असतात, तिथे नवे उगवत नाही. हा निसर्गाचा कठोर कायदा बदलता येतो का ते पाहणे त्यांनी पुढच्या शास्त्रज्ञांवर सोपवले. पण वॉर्डातल्या डॉक्टरांनी त्यातला अर्धाच भाग उचलला. रज्जू सांधत नाही, म्हणजे रोगी गेल्यात जमा. पहिल्या महायुद्धात मज्जारज्जूला जखम झालेल्या सैनिकांपैकी शंभरातले ऐंशी लवकरच मेले. जे वाचले ते कुठल्याशा आश्रमात पडून राहिले. कुणाला त्यात काही वावगेही वाटले नाही.

१९३३ साली हिटलर आला आणि ज्यू डॉक्टरांना सरकारी इस्पितळांतून काढून टाकण्यात आले. गुटमान ब्रेस्लाऊच्या ज्यू इस्पितळात गेले आणि १९३७ साली तिथले वैद्यकीय संचालक झाले. परदेशांतून बोलावणी येत होती, पण हे गृहस्थ हलेनात. हे दिवस जातील अशी त्यांना, त्यांच्यासारख्या अनेकांना, आशा होती. ९ नोव्हेंबर १९३८ ची रात्र उजाडली. जर्मनीभर ज्यूंची प्रार्थनामंदिरे पेटली, दुकाने फुटली, पुरुषांची धरपकड सुरू झाली. गुटमानांनी इस्पितळात हुकूम काढला की आज दाराशी येईल त्या पुरुषाला, काहीही न विचारता, भरती करून घ्या. ६४ जण आले. दुसऱ्या दिवशी गेस्टापोची माणसे जाब विचारायला हजर. एका रात्रीत एवढे रोगी कसे? गुटमान त्यांना घेऊन खाटेखाटेपाशी गेले आणि प्रत्येकाला एकेक आजार लावत गेले. अधिकाऱ्याची नजर चुकवून रोग्याकडे पाहून तोंड वेडेवाकडे करायचे, म्हणजे त्यानेही तसेच करावे, आणि मग अधिकाऱ्याला सांगायचे की पाहा, याला झटके येताहेत. ६४ पैकी ६० जण वाचले. डॉक्टरकीचा इतका उत्तम उपयोग मी दुसरा ऐकलेला नाही.

त्यांचे पारपत्र केव्हाच जप्त झाले होते. पण पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचा एक मित्र आजारी पडला, त्याला गुटमानच हवे होते. परराष्ट्रमंत्री रिबेनट्रॉपने मग स्वतः हुकूम देऊन त्यांना लिस्बनला पाठवले. ज्याच्या राज्यात ज्यू डॉक्टरने जर्मन माणसाला हात लावायचा नाही, त्याच राज्याची ही तऱ्हा! परतीच्या वाटेवर दोन दिवस लंडनमध्ये काढायची त्यांना मुभा मिळाली. परागंदा विद्वानांना मदत करणाऱ्या एका ब्रिटिश संस्थेने तिथे त्यांची सगळी व्यवस्था करून ठेवली होती. १४ मार्च १९३९ रोजी गुटमान, त्यांची पत्नी एल्से आणि डेनिस व एव्हा ही दोन मुले इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरली. ऑक्सफर्डला संशोधनाची सोय झाली. युद्ध सुरू होते. रोगी तपासण्यापेक्षा प्रयोगशाळेतले कामच अधिक वाट्याला आले आणि त्याने हा हाडाचा डॉक्टर मनातून कातावलेला असे. मात्र या काळातले एक काम लक्षात ठेवण्याजोगे आहे. पीटर मेडावार (यांना पुढे १९६० साली नोबेल मिळाले) आणि इतर दोघांबरोबर त्यांनी सशांच्या पायांतल्या नसा तुटल्यावर दिवसाला किती वाढतात याचे मोजमाप केले. उत्तर काही मिलिमीटर असे आले. म्हणजे कुठली नस परत उगवते आणि कुठली नाही, हे गुटमानांना ऐकून नव्हे तर मोजून ठाऊक होते.

१९४३ च्या सप्टेंबरात ब्रिटिश सरकारने त्यांना विचारले. फ्रान्सच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवायची तयारी चालली होती. मणक्याला गोळ्या लागलेले सैनिक मोठ्या संख्येने येणार हे दिसत होते. त्यांच्यासाठी एक वेगळे केंद्र काढायचे होते. कुणी अनुभवी इंग्रज डॉक्टर या कामात हात घालायला फारसा उत्सुक नव्हता. असल्या रोग्यांत यश कसले मिळणार? गुटमानांनी एकच अट घातली. केंद्र माझ्या पद्धतीने चालेल, वरून कुणी ढवळाढवळ करायची नाही. १ फेब्रुवारी १९४४ रोजी एल्सबरी गावाजवळच्या स्टोक मँडेव्हिल इस्पितळात हे केंद्र सुरू झाले. बराकीसारख्या बैठ्या इमारती, पंचवीसेक खाटा, मोजका नोकरवर्ग आणि जर्मन हेल काढून इंग्रजी बोलणारा, आखूड बांध्याचा, शीघ्रकोपी संचालक. तोही शत्रुराष्ट्रातून आलेला. अजून ब्रिटिश नागरिकही न झालेला.

रोगी यायचे ते प्लॅस्टरच्या पेटीत बंद होऊन. पेटी फोडली की आतून जो वास यायचा त्याचे वर्णन रविवारच्या सकाळी करू नये. माणूस झोपेतही कूस बदलतो, कारण अंग दुखते. ज्याला कमरेखाली काही कळतच नाही तो कूस बदलत नाही. माकडहाड, खुबे, टाचा यांवर अंगाचा भार तासन्‌तास पडून राहतो, तिथले रक्त थांबते, कातडी मरते, मग मांस मरते आणि हाड उघडे पडते. त्यातून विष अंगभर पसरते. दुसरीकडे लघवी आपोआप होत नाही, नळी घालून ठेवावी लागते, नळीवाटे जंतू वर चढतात, मूत्रपिंडे सडतात. म्हणजे मज्जारज्जूच्या दुखापतीने माणूस मरत नव्हताच. तो मरत होता बेडसोअरने आणि लघवीच्या जंतुसंसर्गाने. आणि या दोन्ही गोष्टी रोखता येण्याजोग्या होत्या.

गुटमानांनी प्लॅस्टर काढून टाकले. मॉर्फियाची गुंगी बंद केली. उशांची रचना करून रोग्याला निजवायचे आणि दर दोन तासांनी, दिवसा आणि रात्री, त्याची कूस बदलायची, असा नियम केला. दोन तास म्हणजे दोन तास. अडीच चालणार नाहीत. लघवीची नळी डॉक्टरनेच, निर्जंतुक हातांनी, नळीला बोट न लावता घालायची आणि काम झाले की काढायची. हे काम परिचारिकांवर टाकायचे नाही. पेनिसिलिन त्याच सुमारास मिळू लागले होते, त्याचा हातभार लागला. पण गुटमानांचा भरवसा औषधावर कमी आणि घड्याळावर जास्त होता. रात्री-अपरात्री हे गृहस्थ वॉर्डात उभे राहत आणि कूस बदलली आहे की नाही ते स्वतः पाहत. कुचराई करणाऱ्याची धडगत नसे. सुरुवातीला कर्मचाऱ्यांत कुरबुर झाली. मरणाऱ्या माणसाला एवढे हलवायचे कशाला, त्याला शांतपणे जाऊ द्यावे, असे प्रामाणिकपणे वाटणारी माणसे होती. पण आठवड्यांमागून आठवडे गेले आणि रोगी मरेनात. जखमा भरू लागल्या. ताप उतरले.

मला या माणसाचे जे मोठे कौतुक वाटते ते इथे. त्यांनी कसलाही शोध लावला नाही. कूस बदलणे हा काय शोध आहे? घरातल्या अंथरुणाला खिळलेल्या आजीची कूस आपल्या आया-बहिणी बदलत आल्याच आहेत. ज्याच्या पायांत बळ आणता येत नाही त्याचा जीव वाचवणे हे काम आहे, आणि ते डॉक्टरच्या योग्यतेचे काम आहे, एवढेच त्यांनी ठरवले.

जीव वाचला, आता पुढे काय? पगार. गुटमानांचे उत्तर इतके रोकडे होते. इस्पितळातच सुतारकाम, घड्याळदुरुस्ती, टंकलेखन यांचे वर्ग निघाले. सकाळी उठून अंगमेहनतीचे व्यायाम, मग कारखाना. पडून राहायची चैन कुणालाच नव्हती. रोगी त्यांना पाठीमागे पॉपा म्हणत. त्यात प्रेम होते तशी धास्तीही होती. हा माणूस हुकूमशहा होता यात शंका नाही. रोग्याला विचारून काही करण्याचा तो काळ नव्हता आणि गुटमानांचा तर स्वभावच नव्हता. आज अपंगांच्या चळवळीतली माणसे त्यांच्यावर टीका करतात, की आमच्या वतीने सगळे त्यांनीच ठरवले. टीका खरी आहे. पण ती करायला माणसे जिवंत उरली, हेही तितकेच खरे.

आता थोडे घरचे सांगतो. माझ्या मावसबहिणीचे घर रत्नागिरी जिल्ह्यात आहे. तिचा मुलगा सव्वीस वर्षांचा असताना, मे महिन्यात, झेला घेऊन आंबे उतरवताना कलमावरून पडला. कोकणात हे नवीन नाही. आंबा, नारळ, पोफळी यांवरून पडून कणा मोडलेला एखादा तरी प्रत्येक वाडीत असतो. शस्त्रक्रिया झाली, पट्ट्या बसवल्या, पायांत काही आले नाही. दोन महिन्यांनी घरी आणले. त्यानंतर कुणीतरी त्यांना शहरातल्या एका केंद्राचा पत्ता दिला. तिथे स्टेम सेलची तीन इंजेक्शने देणार होते. माहितीपत्रक गुळगुळीत कागदावर छापलेले, त्यावर चालत्या माणसाचे चित्र. बहिणीने कलमांची अर्धी बाग विकली. मला कळले ते तिसरे इंजेक्शन झाल्यावर. दादा, जरा येऊन बघून जा, एवढाच निरोप होता. गेलो तर पोरगा तापाने फणफणलेला, आणि माकडहाडापाशी माझी मूठ जाईल एवढी जखम. तीन वेळा गाडीत बसवून, तासन्‌तास एकाच अंगावर, त्याला शहरात नेले-आणले होते. त्या केंद्रात त्याच्या पाठीत सुई टोचताना चार बोटांवरची ती जखम कुणाच्याच नजरेला पडली नाही. पुढे सात महिने तो जिल्ह्याच्या ठिकाणी इस्पितळात होता. तिथल्या एका सिस्टरने त्याच्या धाकट्या भावाला कूस बदलायला शिकवले, मोबाइलवर दर दोन तासांनी गजर लावून दिला. आज तो खुर्चीत बसून गावातल्या बागायतदारांचे आंब्याच्या पेट्यांचे हिशेब ठेवतो. पाय होते तसेच आहेत. हे मी स्टेम सेलवर राग म्हणून लिहीत नाही. राग आहे तो त्या गुळगुळीत कागदावर.

शास्त्राने काहालचे आव्हान उचलले नाही असे मुळीच नाही. मूळपेशी म्हणजे जिच्यापासून निरनिराळ्या प्रकारच्या पेशी घडू शकतात अशी कच्ची पेशी. १९९८ साली अमेरिकेत जेम्स टॉमसन यांनी मानवी गर्भपेशींपासून त्या प्रयोगशाळेत वाढवल्या. जपानच्या शिन्या यामानाका यांनी २००६ साली उंदराच्या आणि २००७ साली माणसाच्या साध्या कातडीच्या पेशी मागे वळवून त्यांना मूळपेशींसारखे केले, त्यासाठी त्यांना २०१२ चे नोबेल मिळाले. २०१० च्या ऑक्टोबरात अमेरिकेत मज्जारज्जूच्या ताज्या दुखापतीत गर्भपेशींपासून बनवलेल्या पेशी पहिल्यांदा रीतसर चाचणीत वापरल्या गेल्या. ती चाचणी पुढच्याच वर्षी, पैशांच्या कारणावरून, कंपनीने थांबवली. जपान सरकारने २०१८ च्या अखेरीस रोग्याच्याच अस्थिमज्जेतल्या पेशींच्या एका उपचाराला सात वर्षांची सशर्त परवानगी दिली, ती १३ रोग्यांवरच्या अनुभवावरून. तुलनेसाठी उपचार न केलेला गट नव्हता, म्हणून जगभरच्या शास्त्रज्ञांनी नाके मुरडली. त्यांची शंका रास्त होती. रज्जू पूर्ण तुटलेला नसेल तर पहिल्या काही महिन्यांत शरीर आपले आपण थोडेफार सावरते. तेवढ्यात इंजेक्शन दिले तर श्रेय कुणाचे? कावळा बसायला आणि फांदी मोडायला.

टोकियोच्या केओ विद्यापीठाने यामानाकांच्या पद्धतीच्या पेशी डिसेंबर २०२१ मध्ये प्रथम एका रोग्याच्या रज्जूत घातल्या, दुखापतीनंतर दोन ते चार आठवड्यांच्या आत. अशा चार रोग्यांचे निष्कर्ष मार्च २०२५ मध्ये जाहीर झाले. गंभीर अपाय कुणाला झाला नाही. दोघांत सुधारणा दिसली, त्यांतला एक उभा राहू लागला. उरलेल्या दोघांत म्हणण्यासारखे काही दिसले नाही. चार रोगी! जगातल्या उत्तम प्रयोगशाळांपैकी एक हिशेब सांगते तो इतक्या जपून सांगते, आणि आपल्याकडे चौकातल्या फलकावर हमी मिळते.

योगायोग पाहा. गुटमानांचे ब्रेस्लाऊ म्हणजे आजचे पोलंडमधले व्रोत्स्वाफ. त्याच शहरात २०१२ साली पावेल ताबाकोव या शल्यचिकित्सकाने, लंडनच्या जेफ्री रेझमन यांच्या संशोधनाच्या आधारे, चाकूच्या वाराने मज्जारज्जू तुटलेल्या एका माणसावर शस्त्रक्रिया केली. वासाच्या नसांभोवती असणाऱ्या पेशी मेंदूच्या तळाशी असलेल्या वासाच्या केंद्रातून काढून, पायातल्या नसेच्या तुकड्यांबरोबर रज्जूतल्या फटीत घातल्या. या काही मूळपेशी नव्हेत, पण कल्पना तीच, उगवायला पूल बांधून देणे. २०१४ साली बातमी जगभर गाजली: माणूस चौकटीच्या आधाराने पावले टाकू लागला. तो रोज कित्येक तास व्यायाम करी, आठवड्यातून पाच दिवस, शस्त्रक्रियेच्या आधीही आणि नंतरही. बातम्यांत हा तपशील खालच्या परिच्छेदात गेला. आणि ज्या लिस्बनला गुटमान त्या राजमित्राला तपासायला गेले होते, तिथे एका अमेरिकन तरुणीच्या मणक्यात नाकातल्या आवरणाच्या पेशी बसवल्या गेल्या. पाय आले नाहीत. आठ वर्षांनी पाठ दुखू लागली तेव्हा उघडून पाहिले, तो मणक्यात एक गाठ, आणि तिच्यात नाकात असते तसा चिकट स्राव. ही हकीकतही २०१४ सालीच वैद्यकीय नियतकालिकात आली. पेशीला आपले मूळचे काम आठवते, आपण तिला कुठे नेऊन ठेवले याच्याशी तिला देणेघेणे नसते. २०१६ साली तर पक्षाघाताच्या एका अमेरिकन रोग्याची हकीकत प्रसिद्ध झाली. त्याने चीन, अर्जेंटिना आणि मेक्सिको असे तीन देशांत मूळपेशींचे उपचार घेतले, आणि त्याच्या मणक्यात दुसऱ्याच कुणाच्या पेशींची गाठ वाढली.

आपल्या वैद्यकीय संशोधन परिषदेने यावर मौन धरलेले नाही. २०१३ साली तिने आपल्या मार्गदर्शक सूत्रांच्या शीर्षकातून उपचार हा शब्दच मुद्दाम काढून टाकला आणि केवळ संशोधन हा शब्द ठेवला. २०१७ च्या सूत्रांत स्पष्ट म्हटले की रक्ताच्या काही ठरावीक आजारांतले मूळपेशींचे रोपण सोडले तर इतर कुठलाही वापर हा प्रयोग आहे, तो मान्यताप्राप्त चाचणीतच व्हावा. प्रयोगात भाग घेणाऱ्याकडून त्याबद्दल पैसे घ्यायचे नसतात. ज्याला लाखांत मोल सांगितले जाते तो प्रयोग नव्हे आणि सिद्ध उपचारही नव्हे. मग काय, हे वाचकांनीच ठरवावे.

असो. गुटमानांकडे वळू.

स्टोक मँडेव्हिलच्या आवारात काही रोगी चाकांच्या खुर्च्यांत बसून हातातल्या काठ्यांनी एक चकती इकडून तिकडे टोलवत होते. गुटमानांनी ते पाहिले आणि कवायत शिकवणाऱ्या सार्जंटला बरोबर घेऊन स्वतःही खुर्चीत बसून खेळात उतरले. असे चाकांच्या खुर्चीवरचे पोलो सुरू झाले. त्यात डोकी फुटायची वेळ येऊ लागली म्हणून ते बंद करून बास्केटबॉल आणला. धनुर्विद्या त्यांना विशेष आवडे. तीत पाय लागत नाहीत. बसलेला माणूस उभ्या माणसाशी बरोबरीने लढू शकतो. शिवाय पाठीचे, खांद्यांचे स्नायू तयार होतात, आणि ज्याचे खांदे तयार त्याला खाटेवरून खुर्चीत जायला दुसऱ्याचा हात लागत नाही. गुटमानांच्या दृष्टीने खेळ हा आधी उपचार होता, करमणूक मागाहून.

२९ जुलै १९४८. लंडनमध्ये राजाच्या उपस्थितीत ऑलिंपिकचे उद्‌घाटन चालले होते. त्याच दिवशी स्टोक मँडेव्हिलच्या हिरवळीवर १६ अपंग सैनिकांची, १४ पुरुष आणि २ स्त्रियांची, तिरंदाजीची स्पर्धा झाली. दिवस मुद्दाम निवडलेला. दरवर्षी ती होऊ लागली. १९५२ साली हॉलंडचे युद्धजखमी आले आणि ती आंतरराष्ट्रीय झाली. १९६० साली रोममध्ये ऑलिंपिक संपल्यावर आठवडाभराने २३ देशांचे ४०० खेळाडू त्याच शहरात उतरले. निवासाच्या इमारतींना जिने होते. इटालियन सैनिकांनी खेळाडूंना खुर्च्यांसकट उचलून वर-खाली नेले. १९६४ ला तोकियो. तिथे यामागे युताका नाकामुरा नावाचा तरुण डॉक्टर होता, जो स्टोक मँडेव्हिलला राहून सगळे शिकून गेला होता. जपानमध्ये असल्या रोग्यांना तोवर घराबाहेर काढत नसत. १९६६ साली गुटमानांना सर हा किताब मिळाला.

भारत यात उतरला १९६८ साली, तेल अवीवला. त्या तुकडीत एक मराठी गडी होता, सांगली जिल्ह्यातल्या पेठ गावचा मुरलीकांत पेटकर. लष्करात मुष्टियुद्ध खेळणारा. १९६५ च्या युद्धात सियालकोट आघाडीवर अंगात गोळ्या घुसल्या, मणका दुखावला, कमरेखालचे अंग गेले. मुंबईच्या नौदल इस्पितळात, आयएनएस अश्विनीत, उपचाराचा भाग म्हणून त्यांना पाण्यात उतरवण्यात आले. तेल अवीवला ते टेबल टेनिस खेळले. चार वर्षांनी, १९७२ साली, पॅरालिंपिक जर्मनीत होते. म्युनिकचे क्रीडाग्राम अपंगांना मिळाले नाही, ऑलिंपिक संपताच ती घरे खासगी निवासासाठी द्यायची होती. म्हणून हायडेलबर्गला खेळ भरवले. तिथे ५० मीटर पोहण्यात पेटकरांनी ३७.३३ सेकंदांत सुवर्णपदक मिळवले. ऑलिंपिक असो की पॅरालिंपिक, भारताचे ते पहिले वैयक्तिक सुवर्ण. आपण त्यांना पद्मश्री दिली ती २०१८ साली! ज्या जर्मनीने गुटमानांना हाकलले तिथे, त्यांच्याच खेळांत, त्यांच्याच पद्धतीने पाण्यात उतरवलेला वाळवा तालुक्यातला एक सैनिक पहिला आला, ही गोष्ट मी पुनःपुन्हा आठवतो. दोनच वर्षांनी, १९७४ साली, पुण्याजवळ खडकीला लष्कराच्या अशा जवानांसाठी पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र सुरू झाले. तिथेही दिवस कूस बदलण्यापासून सुरू होतो आणि खुर्चीवरच्या बास्केटबॉलपर्यंत जातो.

गुटमान निवृत्त झाले तरी थांबले नाहीत. १९६९ साली स्टोक मँडेव्हिलला अपंगांसाठी क्रीडागार उभे राहिले, राणीने त्याचे उद्‌घाटन केले. १९७३ साली त्यांनी मज्जारज्जूच्या दुखापतींवरचा आपला जाडजूड ग्रंथ पुरा केला. १९७६ साली रॉयल सोसायटीने त्यांना फेलो करून घेतले. त्याच वर्षी टोरांटोच्या खेळांत अंध आणि हातपाय गमावलेले खेळाडूही आले; तोवर हे खेळ मज्जारज्जूवाल्यांचेच होते. १९७९ च्या शरदात त्यांना हृदयविकाराचा झटका आला. १८ मार्च १९८० रोजी एल्सबरीला त्यांचे निधन झाले.

त्या वर्षीचे ऑलिंपिक मॉस्कोला होते. सोव्हिएत सरकारने अपंगांचे खेळ घेण्यास नकार दिला. ते जूनमध्ये हॉलंडच्या आर्नहेम गावी झाले, आणि सेरेब्रल पाल्सी असलेले खेळाडू तिथे पहिल्यांदाच मैदानात उतरले.